फेनिटोइन ३०० ची ४०० केली आणि तोल जायला लागला: डोस, रक्तातली पातळी, हिरड्या, सोबतची औषधं

निपाणी_मेडिकल विचारतात:

निपाणी भागातल्या औषध दुकानाच्या काउंटरवरचा प्रश्न आहे, जाणकारांनी नीट उत्तर द्यावं.

पेशंट पुरुष, वय ३८, वजन ५० किलो. आकडीसाठी फेनिटोइन सोडियम १०० च्या तीन गोळ्या रात्री, चार वर्षं चालू. मध्ये एक फिट आली म्हणून चौथी गोळी वाढवली. पहिले आठ-दहा दिवस काही नाही. आता तिसऱ्या आठवड्यात चालताना झोकांड्या जातात, एकाच्या जागी दोन दिसतात, जीभ जड झालीय. गल्लीत लोक म्हणतात प्यायला लागलाय. घरचे म्हणतात, गोळीच बंद करून टाकतो. हिरड्याही सुजून दातांवर आल्यात.

विचारायचं ते असं. एकाच गोळीनं इतका फरक का पडावा? पातळी कधी आणि कशी तपासायची? हिरड्यांचं काय? आणि आपल्याकडे लोक एक महिना बेळगावच्या सरकारी दवाखान्यातून, दुसऱ्या महिन्यात कोल्हापूर नाहीतर मिरजेहून गोळ्या आणतात, कंपनी दरवेळी वेगळी. त्यानं बिघडतं का? वर कुणी काढा, कुणी शंखपुष्पीचं सिरप सांगतं.

फिजिशियन_टिळकवाडी:

आधी घाईचं. घरच्यांना गोळी आपल्या मनानं कायमची बंद करू देऊ नका. एकदम तोडली तर लागोपाठ फिट यायचा धोका असतो. पण ही लक्षणं औषध जास्त झाल्याची आहेत, त्यामुळे 'बघू पुढच्या तारखेला' हेही चालणार नाही. ज्यांनी डोस वाढवला त्या डॉक्टरांना आजच फोन लावायला सांगा. साधारण पद्धत अशी की रक्ताची पातळी पाठवायची, एक-दोन डोस गाळायचे आणि मग आधीच्या डोसच्या आसपास परत यायचं. पण किती गाळायचे ते त्यांनी ठरवायचं. पेशंट गुंगीत असेल, उलट्या होत असतील किंवा उभंच राहता येत नसेल तर फोनवर न भागवता दवाखान्यात न्या. तोवर दुचाकी, विहिरीचा काठ, ऊस तोडायचा कोयता, सगळं बंद.

आता एका गोळीनं एवढं का झालं ते.

बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तातली पातळी साधारण दुप्पट होते. फेनिटोइनचं तसं नाही. यकृतातली जी एन्झाइमं त्याचा निचरा करतात त्यांची क्षमता उपचाराच्या डोसलाच जवळजवळ भरून जाते. साखर कारखान्याचं रोजचं गाळप ठरलेलं असतं, त्यापेक्षा थोडा जरी जास्त ऊस आला तरी अड्ड्यावर गाड्यांची रांग रोज वाढतच जाते, तसं हे आहे.

आकडे घालून बघा. सरासरी माणसाचं यकृत दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त ७ मिग्रॅ फेनिटोइन काढू शकतं असं धरू. ५० किलोला झाले ३५० मिग्रॅ. गोळीवर १०० लिहिलेलं असतं ते सोडियम मिठाचं वजन, त्यात प्रत्यक्ष फेनिटोइन ९२ मिग्रॅ. तीन गोळ्या म्हणजे २७६. या डोसला पातळी स्थिरावते साधारण १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिवर, म्हणजे १० ते २० या हव्या त्या पट्ट्याच्या मधोमध. गोळीवरच्या हिशेबानं ३०० चे फक्त २५ मिग्रॅ वाढवून ३२५ केले की तीच पातळी २३ च्या पुढे जाते. ५० वाढवले, म्हणजे ३५०, की ४५ च्या वर. आणि ४०० केले तर रोज ३६८ मिग्रॅ आत येणार आणि ३५० च बाहेर जाणार. पातळी कुठेच थांबणार नाही, चढतच राहील. पहिले दहा दिवस काही वाटलं नाही आणि तिसऱ्या आठवड्यात झोकांड्या आल्या, त्याचं कारण हेच.

हा सरासरीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो, ५० किलोच्याच कुणाला ४०० सहज पचतात. म्हणून तर अंदाजानं न वाढवता मोजून वाढवायचं. आमच्यात वापरतात तो ठोकताळा सांगतो: पातळी ७ च्या खाली असेल तर दिवसाला १०० मिग्रॅ वाढवायला हरकत नाही. ७ ते १२ असेल तर ५० च. १२ च्या वर असेल तर ३० पेक्षा जास्त नको. ५० मिग्रॅची गोळी बाजारात मिळते, तिचा अर्धा तुकडा म्हणजे २५. तीन गोळ्यांवरून थेट चार हा सरधोपट रस्ता बऱ्याचदा पेशंटला पाडतो.

शिवाय चार वर्षांनी फिट आली याचा अर्थ डोस कमी पडला असाच नसतो. आधी विचारायचं असतं की गोळी चुकली का, जागरण झालं का, ताप होता का, दारू झाली का, दुसरं कुठलं औषध सुरू झालं का. यात्रेत दोन रात्री जागरण झालं आणि गोळी राहिली असेल तर त्यावर चौथी गोळी हा इलाज नव्हे.

पातळी कशी चढते ते अंगावर दिसतं. २० च्या वर गेली की बोट डावी-उजवीकडे फिरवताना डोळ्यांची बुबुळं हिसके देतात. ३० च्या वर तोल जातो आणि बोलणं घसरतं. ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. फार वर गेली तर फिट कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतात, आणि मग कुणीतरी डोस आणखी वाढवतं! महिनोन् महिने जास्त पातळीवर राहिलं तर लहान मेंदू झिजतो, तो तोल मग परत येत नाही. म्हणून 'थोडं चक्कर येतंय, सवय होईल' असं काउंटरवर कधी बोलू नका.

निपाणी_मेडिकल:

हे ३५०-३६८ चं गणित पहिल्यांदाच कुणी असं मांडून दाखवलं, सर. पातळीसाठी सॅम्पल कधी द्यायचं? इथल्या कलेक्शन सेंटरवाले म्हणतात कधीही या.

लॅब_चिक्कोडी:

कधीही नको. डोस बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबून, आणि पुढच्या गोळीच्या अगदी आधी. रात्री गोळी घेणाऱ्यानं संध्याकाळी उशिरा सॅम्पल द्यायचं झालं, ते जमत नसेल तर निदान दर वेळी एकाच ठरलेल्या वेळी द्यावं, म्हणजे दोन रिपोर्टांची तुलना तरी करता येते. तुमच्या पेशंटसारखी लक्षणं असतील तर मात्र वेळ बघत बसायची नाही, लगेच घ्यायचं. फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा.

ट्यूब साधी लाल टोपीची, जेल नसलेली. जेल असलेल्या ट्यूबमध्ये सॅम्पल बराच वेळ पडून राहिलं तर जेल थोडं फेनिटोइन शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येतो. आपल्या भागातून सॅम्पल मोठ्या शहरात जातं, त्यामुळे हे जास्त लागू.

सोबत अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची, तपासणी लावाच. फेनिटोइनचा ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो, काम करतो तो उरलेला १० टक्के. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा कमी दिसतो पण मोकळा भाग पुरेसा किंवा जास्त असतो. दुरुस्तीचं सूत्र असं: मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन अधिक ०.१). समजा रिपोर्ट ९ आला आणि अल्ब्युमिन २.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. भाजक येतो ०.५८, आणि खरी पातळी धरायची १५.५. हा ९ बघून डोस वाढवला तर काय होईल ते वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे. डायलिसिसच्या पेशंटला ०.२ च्या जागी ०.१ घेतात. व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध सोबत असेल तर हे सूत्रही फसतं, कारण ते फेनिटोइनला अल्ब्युमिनवरून ढकलतं. तिथे मोकळं फेनिटोइन मोजता आलं तर उत्तम, त्याचा पट्टा १ ते २.

दंतवैद्य_खानापूर:

हिरड्यांबद्दल मी लिहिते. ही सूज नव्हे, हिरडीची खरीखुरी वाढ आहे. पू नसतो, फारसं दुखतही नाही. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पुढच्या दातांच्या मधल्या त्रिकोणी टोकांपासून सुरुवात होते, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना कमीजास्त होते. तरुण आणि मुलांमध्ये जास्त.

दातांवर कीट जितकं जास्त तितकी वाढ जास्त, त्यामुळे आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे स्वच्छता. मऊ ब्रश दोनदा, दातांच्या फटींत बारीक ब्रश, सहा महिन्यांनी दात साफ करून घेणं. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिलि, अर्धा मिनिट चूळ, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्टनं घासल्यावर अर्धा तास सोडून, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा असर जातो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी दिसतात. आणि मिश्री बंद. निपाणीकडे हा तंबाखूचा पट्टाच आहे, दातदुखीवर मिश्री, हिरडीवर मिश्री, सगळ्यावर मिश्री चालते. वाढलेल्या हिरडीवर ती घासून कीट निघत नाही, तोंडाच्या कॅन्सरला मात्र रस्ता मिळतो.

हिरडी दात झाकायला लागली तर कापून आकार देता येतो, पण औषध तेच राहिलं आणि घासणं तसंच राहिलं तर वर्ष-दीड वर्षात परत येते. औषध बदललं तर काही महिन्यांत बरीच बसते. बदलायचं की नाही ते मेंदूच्या डॉक्टरांनी बघायचं. मी चिठ्ठी लिहून पाठवते, गोळी थांबवत नाही.

एक भानगड फॉलिक ॲसिडची. 'हिरडीला चांगलं' म्हणून ५ मिग्रॅची गोळी काउंटरवरून दिली जाते. फेनिटोइननं फोलेट खरंच कमी होतं, काहींना त्यातून रक्तक्षयही होतो. पण रोज ५ मिग्रॅ सुरू केलं की फेनिटोइनची पातळी खाली येऊ शकते. डॉक्टरांना न कळवता देऊ नका.

औषधशास्त्र_शिकवणारा:

कंपनी बदलण्याचा प्रश्न राहिलाय. एरवी जेनेरिकला माझा विरोध नाही, जनऔषधीची गोळी तितकीच चांगली. पण फेनिटोइनच्या बाबतीत किती आतड्यातून शोषलं जातं यात पाच-दहा टक्क्यांचा फरक पडला तरी पातळी किती हलते ते वरच्या गणितावरून दिसतंच. नियम एवढाच की जी कंपनी, जो प्रकार चालू आहे तोच ठेवायचा. बेळगाव असो नाहीतर मिरज, रिकामी स्ट्रिप सोबत न्यायला सांगा. चिठ्ठी कन्नडात असो की मराठीत, स्ट्रिपवरचं नाव दोन्हीकडच्या दुकानदाराला वाचता येतं. बदलणं भागच पडलं तर दोन-तीन आठवड्यांनी पातळी तपासायची. साधी १०० ची गोळी आणि दिवसातून एकदाची हळू विरघळणारी ३०० ची गोळी यांची आपल्या मनानं अदलाबदल तर मुळीच नको.

लहान मुलांच्या पातळ औषधात वेगळाच घोळ. सस्पेन्शन तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिल्या आठवड्यात पाणीच जातं आणि मुलाला फिट येते, शेवटच्या आठवड्यात चमच्यात गाळ येतो आणि मूल झोकांड्या खातं. घरातला चमचा नको, मापाची सिरिंज द्या. बाटलीवर ५ मिलित किती मिग्रॅ ते दर वेळी वाचा, वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. नाकातल्या नळीतून दूध-फॉर्म्युला चालू असेल तर आधी-नंतर निदान एकेक तास दूध बंद, नाहीतर औषध शोषलंच जात नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधातही दोन तासांचं अंतर ठेवा.

सोबतच्या औषधांत काउंटरवर सगळ्यात जास्त फसवतं ते बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. गजकर्णासाठी लोक आठवडेच्या आठवडे घेतात, त्यानं फेनिटोइन चढतं. उलट बुरशीवरचंच इट्राकोनाझोल दिलं तर फेनिटोइनमुळे त्याचीच पातळी पडते आणि गजकर्ण जात नाही. टीबीच्या कोर्समध्ये आयसोनियाझिड फेनिटोइन चढवतं आणि रिफाम्पिसिन उतरवतं. दोन्ही एकत्र असताना वरचढ कोण ठरेल याचा अंदाज बांधू नये, मोजावं, आणि कोर्स संपल्यावर परत मोजावं. शंखपुष्पीचं सिरप पातळी खाली आणतं, ते सरळ 'नको' म्हणून सांगा. काढ्यात काय घातलंय ते सांगणारा कुणी नसतो, म्हणून तोही नको. रोज भरपूर पिणाऱ्यात पातळी उतरते, एका रात्रीत फार प्यायली तर चढते.

फेनिटोइन स्वतः ज्या दुसऱ्या औषधांची पातळी पाडतं ती यादीही मोठी आहे. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, अशा बाईला तांबी बरी. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, घेणाऱ्याला डोल्युटेग्रॅव्हिरवाली गोळी असेल तर फेनिटोइन टाळायचंच, एआरटी सेंटरला सांगायलाच हवं. मेंदूत जंताची गाठ असलेल्या पेशंटला अल्बेंडाझोल दिलं जातं, त्याचीही पातळी फेनिटोइन कमी करतं. वॉर्फरिन, स्टॅटिन, थायरॉक्सिन, स्टेरॉइड, हे सगळं आहेच.

आणि पुरळ. हे एकच ठिकाण जिथे 'एकदम बंद करू नका' हा नियम मोडायचा. सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, त्यासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं किंवा गाठी आल्या तर त्याच दिवशी गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. तिथे फिटसाठी दुसरं औषध लगेच सुरू करतात. पुन्हा आयुष्यात फेनिटोइन नाही, आणि कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फिनोबार्बिटोन ही फिटची औषधंही नाहीत, कारण तीच प्रतिक्रिया त्यांनीही येऊ शकते. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवा.

आयसीयू_सिस्टर:

गोळीचं बोलणं चाललंय, तरी सलाइनमधल्या फेनिटोइनबद्दल दोन शब्द, कारण तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंट बेळगावला पाठवताना इथे चुका होतात.

पाच मिनिटांच्या वर फिट चालू असेल तर पहिलं औषध फेनिटोइन नाही. आधी लोराझेपाम शिरेतून, किंवा शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम स्नायूत. फेनिटोइन त्यानंतर, किलोमागे २० मिग्रॅ. ५० किलोला १००० मिग्रॅ म्हणजे १०० मिग्रॅच्या दहा अँप्यूल, २० मिलि. हे १०० मिलि नॉर्मल सलाइनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की स्फटिक धरतात, बाटली दुधाळ दिसते. फ्रिजमध्ये ठेवू नका, मिसळल्यावर लगेच लावा, फिल्टर असेल तर वापरा. वेग मिनिटाला ५० मिग्रॅच्या वर नाही, म्हणजे १००० ला कमीत कमी २० मिनिटं. म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या पेशंटला निम्मा वेग. बीपी आणि ईसीजीवर सतत लक्ष. जोरात ढकललं तर बीपी कोसळतं, नाडी मंदावते. हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत मार्गात आधीच ब्लॉक (हार्ट ब्लॉक) असेल तर द्यायचंच नाही.

शीर मोठी बघा, हाताच्या मागची बारीक शीर नको. औषध अतिशय क्षारीय आहे, बाहेर झिरपलं तर हात जांभळा-काळा पडून सुजतो, कधी कातडी मरते. आधी आणि नंतर सलाइनने शीर धुवायची. स्नायूत कधीच नाही, तिथेच गोठून बसतं. फॉसफेनिटोइन, म्हणजे शरीरात गेल्यावर फेनिटोइन होणारं इंजेक्शन, असेल तर हा त्रास बराच कमी, ते स्नायूतही चालतं. फक्त लेबलवर मिग्रॅच्या पुढे 'फेनिटोइन समतुल्य' लिहिलंय का ते वाचा. आणि रेफरच्या चिठ्ठीवर किती दिलं, किती वाजता दिलं ते लिहा. न लिहिल्यामुळे इथे आल्यावर दुसऱ्यांदा पूर्ण डोस जायची वेळ येते.

प्रश्नकर्ता_अथणी:

इतके तोटे आहेत तर हे औषध अजून का देतात? लेव्हेटिरासिटाम हे फिटचं नवं औषध आहे की.

फिजिशियन_टिळकवाडी:

अण्णा, प्रश्न रास्त आहे. फेनिटोइन पहिल्यांदा तयार झालं १९०८ मध्ये, आणि मेरिट आणि पुटनम या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये ते फिटवर चालतं हे दाखवलं. तोवर जी औषधं होती ती पेशंटला झोपवूनच ठेवायची. हे न झोपवता फिट थांबवतं, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. शरीराच्या एका भागातून सुरू होणाऱ्या आणि सर्वांगाच्या झटक्यांच्या फिटला आजही चांगलं काम करतं. डोक्याला मोठा मार लागल्यावर पहिले सात दिवस फिट टाळायला देतात. तिथे महिनोन् महिने चालू ठेवायचं कारण नसतं, पण डिस्चार्जच्या चिठ्ठीवर तारीख नसली की ते वर्षानुवर्षं चालतं.

नवीन पेशंटला, विशेषतः तरुण मुलीला, मी स्वतः फेनिटोइननं सुरुवात करत नाही. चेहरा राठ होणं, अंगावर केस वाढणं, हिरड्या, शिवाय गर्भावर परिणाम. तरी गर्भावर व्हॅल्प्रोएटचा परिणाम याहून वाईट आहे, 'बदल' म्हणून ते देऊ नये. आणि दिवस गेल्यावर घाबरून गोळी बंद करणं सगळ्यात वाईट. लेव्हेटिरासिटामला पातळी मोजावी लागत नाही, पण काहींना त्यानं चिडचिड, राग, उदासी येते, आणि मूत्रपिंड बिघडलं असेल तर डोस कमी करावा लागतो. ज्याची फिट फेनिटोइनवर वर्षानुवर्षं शांत आहे, त्रास नाही, त्याचं औषध उगाच बदलू नये. त्याच्या हाडांकडे मात्र बघावं: कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व.

जिथे द्यायचंच नाही ते प्रकार वेगळे. वर्गात मूल दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतं आणि परत लिहायला लागतं, किंवा पोराच्या हातातून सकाळी उठल्या उठल्या झटका येऊन चहाचा कप उडतो, हे फेनिटोइननं वाढू शकतं. 'फिट म्हणजे फेनिटोइन' हे समीकरण इथेच मोडतं. तापातल्या झटक्यांनाही रोजचं फेनिटोइन उपयोगाचं नाही.

गाडीचं विचाराल म्हणून सांगतो: लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फेफऱ्याबद्दल सरळ प्रश्न आहे, खोटं लिहू नये. एजंटला हे चालतं, अपघात झाल्यावर विमा कंपनीला चालत नाही.

निपाणी_मेडिकल:

फोन केला, उद्याच पातळी आणि अल्ब्युमिन पाठवताहेत, आजची गोळी थांबवायला सांगितलीय. शेवटचं एक. एखाद्या रात्री गोळी राहिली तर दुसऱ्या रात्री दुप्पट घेतात लोक. काय सांगायचं?

औषधशास्त्र_शिकवणारा:

दुप्पट नाही. रात्रीची राहिली आणि सकाळी आठवली तर सकाळी घ्यायची, आणि रात्रीची नेहमीच्या वेळी. दुसऱ्या रात्रीच आठवली तर ती एक सोडून द्यायची. लागोपाठ दोन-तीन दिवस राहिली असेल तर स्वतः भरपाई न करता डॉक्टरांना विचारायचं, कारण पातळी किती खाली गेली ते घरी कळत नाही. सात खणांची गोळ्यांची डबी ठेवायला सांगा. रात्र सरून खण भरलेला दिसला म्हणजे राहिली.